गवताने धरून ठेवलेले रूळ : टॅलिलिन रेल्वेचे पहिले हिवाळे

८ फेब्रुवारी १९५१ रोजी वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावरची टॅलिलिन रेल्वे हौशी स्वयंसेवकांच्या ताब्यात आली. १४ मे १९५१ रोजी त्यांनी तिच्यावर आपली पहिली प्रवासी गाडी चालवली. मधे ९५ दिवस होते. स्वयंसेवकांनी वाचवलेली जगातली ही पहिली रेल्वे. आज एकट्या ब्रिटनमध्ये अशा शंभराहून जास्त लाइन आहेत आणि त्या सगळ्यांची वंशावळ या साडेदहा किलोमीटरपाशी येऊन थांबते.

या प्रकरणाबद्दल बहुतेकदा १४ मेचं कौतुक होतं. मला त्याच्या आधीचे तीन महिने आणि त्यानंतरचे हिवाळे जास्त महत्त्वाचे वाटतात. त्याचं कारण माझ्या घरात आहे.

मी नेरळचा. वडील माथेरान लाइनच्या गँगमध्ये, म्हणजे रूळ सांभाळणाऱ्या टोळीत होते. जूनच्या मध्याला नेरळहून वर जाणारी गाडी बंद व्हायची, ती थेट ऑक्टोबरात सुरू व्हायची. गाडी बंद म्हणजे रेल्वेला सुटी, असं मुंबईहून येणाऱ्या माणसाला वाटत असे. आमच्याकडे मात्र त्या चार महिन्यांत वडिलांचे बूट कधी वाळले नाहीत. आई ते रात्री चुलीच्या अंगाला उलटे ठेवायची आणि सकाळी ते तसेच ओले परत पायात जायचे. गटारं मोकळी करणं, दरडीचे दगड हटवणं, खचलेल्या जागी खडी भरणं, कुठे रूळ हलला असेल तर तो परत जागेवर आणणं, हे सगळं त्या बंद महिन्यांतलं. उन्हाळ्यात पर्यटकांनी भरलेली गाडी धावते ती त्या ओल्या बुटांच्या जोरावर, हे मला लहानपणापासून माहीत आहे. आपल्याकडे हे काम पावसात होतं, वेल्समध्ये हिवाळ्यात. एवढाच फरक.

कापूस, पाटीचा दगड आणि एका म्हाताऱ्याचा शब्द

टॅलिलिनची सुरुवात ज्या घटनेतून झाली, त्याच घटनेने मुंबईचं नशीब आधी उजळलं आणि मग काळवंडलं. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी चालू होती आणि तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांपर्यंत पोचत नव्हता. मुंबईने त्या चार वर्षांत कापूस विकून अमाप पैसा कमावला, बँका आणि शेअरचं पेव फुटलं, आणि १८६५ च्या उन्हाळ्यात सगळं कोसळलं. तिकडे मँचेस्टरच्या गिरणीमालकांना कापसाशिवाय दुसरा धंदा शोधणं भाग होतं. त्यातल्या मॅकॉनेल घराण्याने आणि त्यांच्या भागीदारांनी वेल्सच्या डोंगरातली ब्रिन एग्लुइस ही पाटीच्या दगडाची खाण घेतली. घरांच्या छपरांवर घालायला या दगडाला तेव्हा प्रचंड मागणी होती. दगड किनाऱ्याकडे उतरवायला रेल्वे हवी. जुलै १८६५ मध्ये संसदेने तिला मंजुरी दिली. प्रवाशांना वाफेच्या इंजिनाने नेण्याची परवानगी थेट संसदेच्या कायद्याने मिळालेली ब्रिटनमधली ही पहिली अरुंद रेल्वे.

गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, ६८६ मिलिमीटर. आपल्या माथेरानच्या गाडीचं ६१०. म्हणजे चार बोटांचाच फरक.

बांधताना एक घोळ झाला आणि पुढच्या गोष्टीसाठी तो लक्षात ठेवायला हवा. १८६६ साली सरकारी तपासनीस कॅप्टन टायलर पाहणीला आले तेव्हा लक्षात आलं, की मार्गावरच्या पुलांची आतली रुंदी फार कमी आहे. डबा पुलाखाली असताना कुणी दार उघडून बाहेर पडायचं म्हटलं तर भिंत आणि डबा यांच्यात माणूस मावणार नाही. पूल पाडून परत बांधायचे तर पैसा नव्हता. तोडगा असा निघाला, की डब्यांची एका बाजूची दारं कायमची बंद करायची आणि पुलाखालचा रूळ मध्यावरून थोडा बाजूला सरकवायचा, म्हणजे उघड्या दारांच्या बाजूला पुरेशी जागा राहील. गाडी सुरू झाली. दारं बंदच राहिली.

१९११ मध्ये स्थानिक खासदार हेडन जोन्स यांनी खाण आणि रेल्वे दोन्ही विकत घेतल्या. मिळकत बेताची, तरी हयात असेपर्यंत गाडी चालवण्याचा शब्द त्यांनी दिला होता आणि तो पाळला. १९४६ च्या नाताळाच्या दुसऱ्या दिवशी खाणीत पडझड झाली आणि खाण बंद पडली. वाहायला दगडच राहिला नाही. पुढच्याच वर्षी ब्रिटनमधल्या बहुतेक सगळ्या रेल्वे सरकारच्या मालकीच्या करण्याचा कायदा झाला, त्यात टॅलिलिनचं नावच आलं नाही. तरीही उन्हाळ्यात आठवड्यातून दोन-तीन दिवस गाडी चालूच राहिली. २ जुलै १९५० रोजी हेडन जोन्स वारले. त्या वर्षीचा हंगाम ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात संपला आणि आता ही लाइन भंगारात जाणार, असंच सगळ्यांनी धरलं होतं.

काय हातात आलं

११ ऑक्टोबर १९५० रोजी बर्मिंगहॅमच्या इंपीरियल हॉटेलात एक सभा झाली. पुढाकार होता टॉम रोल्ट यांचा. हा माणूस इंजिन-कारखान्यात उमेदवारी केलेला, लेखक, आणि बुजत चाललेले जुने कालवे वाचवण्याच्या चळवळीचा एक संस्थापक. सभेला आलेली मंडळी आपापल्या धंद्या-नोकरीतली होती. पेट्रोलचं रेशनिंग त्याच वर्षीच्या मे महिन्यात उठलेलं, त्यामुळे पावणेदोनशे किलोमीटरवरच्या, लाइन जिथून सुरू होते त्या टाउइन गावी शनिवार-रविवारी गाडीने जाऊन काम करायचं, ही कल्पना निदान शक्यतेत आली होती. वर्षभर आधी ही सभा भरली असती तर माणसं तिथवर पोचली कशी असती, हा प्रश्नच होता. या बारीक गोष्टीकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही.

मालकीचा गुंता सोडवायला चार महिने लागले. हेडन जोन्स यांच्या वारसांकडचे शेअर एका नव्या कंपनीकडे गेले. तिच्या संचालक मंडळावर वारसांची आणि स्वयंसेवकांच्या संस्थेची, दोन्हीकडची माणसं बसली. ८ फेब्रुवारीला हे पार पडलं आणि स्वयंसेवक खऱ्या अर्थाने लाइनवर उतरले.

पुढे दिसलं ते असं. मार्गावर बऱ्याच ठिकाणी रूळ मूळचे, म्हणजे ८५ वर्षांचे, घडीव लोखंडाचे, डोक्यावर घासून बारीक झालेले. स्लीपर, म्हणजे रुळांखालची आडवी लाकडं, कित्येक ठिकाणी इतके कुजलेले, की खिळा बोटाने हलवता यावा. खडी गवताखाली दिसेनाशी झालेली. वेल्सच्या त्या भागात पाऊस मनसोक्त पडतो, गवत कंबरेला लागतं, आणि टॅलिलिनच्या रुळांना गवतानेच जागेवर धरून ठेवलंय असं लोक म्हणत. त्यात तथ्य होतं. मुळांची जाळी स्लीपरभोवती घट्ट बसली की स्लीपर कुजला तरी जागा सोडत नाही. पण तेच गवत पाणी अडवतं, आणि अडलेलं पाणी लाकूड कुजवतं. गवत ठेवलं तर स्लीपर जाणार, काढलं तर रूळ सुटणार. या पेचातून ती लाइन कित्येक वर्षं चालत आली होती.

इंजिनं दोन. दोन्ही व्हाइटहेवनच्या फ्लेचर जेनिंग्ज कारखान्यातली. १८६४ चं ‘टॅलिलिन’ बंद पडून शेडमध्ये उभं. १८६६ चं ‘डॉलगॉख’ चालू, पण मोठ्या दुरुस्तीला आलेलं. ते एकटं इंजिन थांबलं की रेल्वे थांबली.

९५ दिवसांत काय करायचं, काय सोडायचं

अशा वेळी कुठून हात घालायचा? हौशी माणसाचं मन आधी इंजिनाकडे जातं. रंग, पितळ, वाफ, शिट्टी. त्यात वाईट काही नाही, त्या ओढीनेच माणूस तिथवर येतो. पण इंजिन चकचकीत झालं आणि खालचा रूळ सुटला तर गाडी खड्ड्यात. म्हणून त्या हिवाळ्यातला सगळ्यात शहाणा निर्णय मला हा वाटतो, की १४ मेला गाडी फक्त टाउइन व्हार्फ ते रिदरोनेन एवढीच न्यायची. जेमतेम साडेतीन किलोमीटर. शेवटच्या अबरगनॉलविन स्टेशनपर्यंतची संपूर्ण लाइन त्यांच्या ताब्यात होती, लोकांना वाटेतल्या डॉलगॉख गावाजवळचा धबधबा आणि विटांचा उंच पूल पाहायचा होता, आणि पहिल्याच दिवशी पूर्ण लाइन खुली करण्याचा मोह कुणालाही झाला असता. पण त्यांनी पहिल्या दिवशी एक-तृतीयांश मार्गच वापरला. नियमित गाड्या ४ जूनपासून सुरू झाल्या.

गँगमध्ये वाढलेल्या माणसाला हा निर्णय लगेच समजतो. आमच्या घरी एक वाक्य कायम ऐकलंय: संध्याकाळी बंद करता येईल तेवढंच सकाळी उघडावं. दहा स्लीपर मोकळे करून ठेवले आणि पाच बसवून झाल्यावर अंधार पडला, तर उरलेल्या पाचांवरून उद्या काहीही जाऊ शकत नाही. शिवाय रात्री पाऊस आला तर उघड्या खळग्यात पाणी भरतं आणि शेजारच्या चांगल्या स्लीपरखाली ठासलेली खडीही सुटते. पगारी गँग निदान उद्या परत येते. स्वयंसेवक रविवारी संध्याकाळी बर्मिंगहॅमला परत जाणार आणि पंधरा दिवसांनी येणार. त्याच्यासाठी तर हा नियम दुप्पट कडक.

एक स्लीपर

नोकरीनिमित्त मी काही वर्षं इंग्लंडमध्ये होतो. तिथल्या दुसऱ्या एका अरुंद गेजच्या हेरिटेज लाइनवर दोन हिवाळे शनिवार-रविवार गँगमध्ये काम केलं. टॅलिलिनच्या त्या पहिल्या मंडळींच्या हाताखालून काय गेलं असेल, ते मला तिथे कळलं, म्हणून एका स्लीपरची हकीकत सविस्तर सांगतो.

जानेवारीचा शनिवार, सकाळचे साडेआठ. चार जणांची टोळी. एक निवृत्त शिक्षक, एक नर्स, एक विशीतला मुलगा आणि मी. म्होरक्या पुढे चालत जाऊन प्रत्येक स्लीपरवर पहारीचं टोक आपटतो. चांगलं लाकूड टणक वाजतं, कुजलेलं थप्प करतं. थप्प झालेल्यावर खडूने फुली.

फुली मारलेल्या स्लीपरच्या एका बाजूची खडी आधी उकरायची, स्लीपरच्या तळापेक्षा चार बोटं खाली. थंडीत खडी गोठून एकमेकींना चिकटलेली असते, टिकाव मारला की हाताला कोपरापर्यंत झिणझिण्या. मग रुळाचे स्क्रू सोडायचे. अर्धे निघतात, अर्धे लाकडाबरोबर भुगा होऊन येतात. जॅक लावून रूळ किंचित उचलायचा, किंचितच, कारण जास्त उचलला तर शेजारच्या स्लीपरखाली खडीचे खडे घुसतात आणि तिथे कायमचा उंचवटा होतो. जुना स्लीपर उकरलेल्या बाजूला लोळवायचा आणि आडवा बाहेर ओढायचा. तो अखंड क्वचितच येतो. आत पांढरी बुरशी, मुळं, गांडुळं, आणि ओल्या रानाचा वास. त्या वासाने मला दर वेळी माथेरानचा पाऊस आठवायचा.

खालचं अंथरूण सपाट करून नवा स्लीपर आत सरकवायचा. तो दोघांना पेलतो, एकट्याला नाही. मग एकाने पहार खाली घालून तिच्यावर अंगाचा भार टाकायचा, म्हणजे स्लीपर वर येऊन रुळाला टेकतो. तेवढ्यात दुसऱ्याने गेजची लोखंडी दांडी दोन रुळांत बसवायची. दांडी घट्ट बसली तर गेज बरोबर, खळखळली तर रूळ सुटा. पहारीवरचा माणूस जोर धरून असतो तोवर स्क्रू आवळायचे. शेवटी खडी परत भरून बीटरने, म्हणजे खडी ठासायच्या हत्याराने, दोन्ही रुळांखाली ठासायची, मधोमध मात्र सैल सोडायची, नाही तर स्लीपर मध्यावर तोलला जाऊन डुलतो.

एवढं सगळं एका स्लीपरसाठी. आमच्या चौघांचे दिवसाला सहा व्हायचे, बरी हवा असली तर आठ. साधारण प्रत्येक ६० ते ७५ सेंटिमीटरवर एक स्लीपर धरला, तर साडेदहा किलोमीटरच्या लाइनवर किती हजार झाले, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. टॅलिलिनच्या लोकांनी तो हिशेब केला असणारच, आणि तरी ते परत परत आले.

अर्धा इंच

आता या प्रकरणातला खरा पेच. डॉलगॉखवर सगळी भिस्त ठेवणं धोक्याचं होतं, म्हणून १९५१ मध्येच संस्थेने आणखी दोन इंजिनं घेतली. शेजारचीच कॉरिस रेल्वे १९४८ मध्ये बंद पडली होती आणि तिची इंजिनं मखनथ्लेथ गावी उभी होती. योगायोग असा, की ६८६ मिलिमीटर हे विचित्र गेज त्या परिसरात या दोन्ही लाइनचं सारखंच. इंजिनं आली. तीन नंबरला ‘सर हेडन’ आणि चार नंबरला टॅलिलिनच्या जुन्या व्यवस्थापकांचं ‘एडवर्ड थॉमस’ हे नाव दिलं. ऐंशीहून जास्त वर्षांत या लाइनवर धावलेलं पहिलं नवं इंजिन म्हणजे सर हेडन.

आणि ते रुळावरून घसरू लागलं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. दर वेळी चाक दोन रुळांच्या मधे पडायचं.

गेज तर एकच. इंजिन तर बरं. मग घसरतं का? मापं घेतल्यावर उलगडलं, की टॅलिलिनचा रूळ ठरलेल्या गेजपेक्षा सुमारे अर्धा इंच, म्हणजे १३ मिलिमीटर जास्त रुंद टाकलेला आहे. झिजून रुंदावलेला नाही, जुन्या कंपनीने समजून-उमजून तसा टाकलेला. कारण पहिलं इंजिन. ‘टॅलिलिन’च्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर लांब होतं आणि बेताच्या गेजमध्ये ते वळणावर अडकायचं. इंजिन बदलण्यापेक्षा रूळ रुंद करणं स्वस्त पडलं. ‘टॅलिलिन’ आणि ‘डॉलगॉख’ या दोघांच्या चाकांचा रुळावर टेकणारा पट्टा नेहमीपेक्षा रुंद होता, त्यामुळे ती रुंद रुळावरही टिकून राहत. कॉरिसची इंजिनं बिचारी नेहमीच्या मापाची.

चाकाचा पट्टा किती रुंद आहे यावर त्याला किती सूट आहे ते ठरतं. जोडचाक एका रुळाकडे सरकलं की दुसरं चाक आपल्या रुळाच्या आतल्या कडेला येतं. नव्या, पक्क्या रुळावर १३ मिलिमीटर जास्त असूनही कदाचित निभावेल. पण कुजलेल्या स्लीपरवर इंजिनाचा भार आला की रूळ आणखी बाहेर झुकतो. १३ चे २० होतात, २० चे २५ होतात. शेवटी अरुंद पट्ट्याच्या चाकाखालून रूळ निसटतो आणि इंजिन खाली बसतं. म्हणजे दोष दोन होते, एक जाणूनबुजून केलेला आणि एक वयाने आलेला, आणि दोन्ही एकत्र आले की अपघात.

या लाइनचं सगळं आयुष्यच असं आपल्या दोषांशी जुळवून घेण्यात गेलं होतं. पूल अरुंद, म्हणून दारं बंद. इंजिन लांब, म्हणून रूळ रुंद. पैसा नाही, म्हणून गवताचा आधार. प्रत्येक तडजोड दुसरीच्या खांद्याला खांदा लावून उभी होती आणि कुणी मधेच एक काढली की बाकीच्या हलायच्या. ताब्यात आलेली लाइन वाचवायची, म्हणजे यातली कुठली तडजोड सोडायची आणि कुठली ठेवायची हे ओळखायचं. माझ्या मते हाच या प्रकरणाचा गाभा आहे, आणि ते ओळखायला टेबल उपयोगाचं नाही, लाइनवर वाकून दांडी लावावी लागते.

त्यांनी ठरवलं ते असं: रूळ खऱ्या गेजवर आणायचा. हे एका हिवाळ्यात होणारं काम नव्हतं. वर्षामागून वर्ष, तुकड्या-तुकड्याने, नवे स्लीपर घालता घालता गेज आवळत नेला. १९५३ च्या वसंतात प्रादेशिक सेनेच्या जवानांनी प्रशिक्षणाचा भाग म्हणून काही अंतर रूळ घालून दिले. मग ‘टॅलिलिन’चं काय? खऱ्या गेजमध्ये ते पुन्हा अडकणार. म्हणून त्याची मधली चाकं आडवी थोडी सरकू शकतील अशी केली. ऐंशी वर्षांपूर्वी इंजिनासाठी रूळ बदलला होता, आता रुळासाठी इंजिन बदललं. ज्याने हे सुचवलं असेल त्याला मी मनापासून नमस्कार करतो.

माणसं

पगारी आणि बिनपगारी माणसं एकाच लाइनवर कशी नांदवायची, याचा धडाही पहिल्याच वर्षांत घ्यावा लागला. रोल्ट यांनी पहिली दोन वर्षं महाव्यवस्थापक म्हणून काम पाहिलं, डेव्हिड कर्वेन पहिले मुख्य इंजिनियर. रोज शेडमध्ये हजर राहणारी थोडी माणसं लागतातच. स्वयंसेवक बारा आले तर त्यांना काम नेमून द्यायला, हत्यारं तयार ठेवायला, अर्धवट राहिलेलं सोमवारी पुरं करायला कुणीतरी असावं लागतं. केवळ उत्साहावर लाइन चालत नाही आणि नुसत्या पगारावर अशी लाइन परवडत नाही.

आणि मदत कधी कुठून येईल सांगता येत नाही. चार नंबरचं इंजिन आलं ते चालण्याच्या अवस्थेत नव्हतं. लीड्सच्या हन्स्लेट इंजिन कंपनीचे अध्यक्ष जॉन अल्कॉक हे संस्थेचे सभासद होते. त्यांनी ते आपल्या कारखान्यात नेऊन फुकट दुरुस्त करून दिलं. १९५२ च्या हंगामात बहुतेक गाड्या त्याच इंजिनाने ओढल्या. वर्गणी भरणारा सभासद कोण आहे आणि त्याच्या हातात काय आहे, हे संस्थेने कायम माहीत ठेवावं, ते यासाठी.

हिवाळ्यातली बाकीची कामं थोडक्यात. बॉयलरमधलं पाणी थंडीआधी पूर्ण काढायचं, कारण पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं आणि इंजेक्टरचं (बॉयलरमध्ये पाणी ढकलणाऱ्या भागाचं) पितळ किंवा पाइप बघता बघता तडकतो. मग झाकणं उघडून आतला क्षार धुऊन काढायचा, म्हणजे तपासनिसाला आत बॅटरी मारून बघता येतं. डब्यांची छपरं, रंग, खिडक्या. पाण्याचे चर आणि रुळांखालून पाणी नेणाऱ्या मोऱ्या. आणि कडेची झाडं, ज्यांना आता एक मुदत आहे: ब्रिटनमध्ये १९८१ च्या कायद्याने पक्ष्याच्या वापरातल्या घरट्याला हात लावता येत नाही. म्हणून तोडणी फेब्रुवारीअखेर संपवायची धावपळ असते. मी काम केलं त्या लाइनवर फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी पहार टाकून सगळे करवत घेऊन निघायचे.

या सगळ्यात मोऱ्या साफ करायला माणूस मिळत नाही, हे तिथलंही दुखणं आणि इथलंही. इंजिनावर जायला रांग लागते. मोरीत, गुडघाभर थंडगार पाण्यात, पाला आणि चिखल घमेल्याने उपसायला दोघंच उरतात. पण पाणी तुंबलं की खडी चिखलात बसते, गाडी गेली की स्लीपर पाण्यासकट वर-खाली होतो, चिखल वर येतो, आणि आज घातलेलं नवं लाकूड आपलं आयुष्य पुरं करत नाही. वडील म्हणायचे, “रूळ लोखंडाने नाही मोडत रे, पाण्याने मोडतो.” माथेरानला २००५ च्या जुलैत ते सगळ्यांनी पाहिलं. त्या अतिवृष्टीने मार्ग असा वाहून गेला की गाडी परत सुरू व्हायला २००७ उजाडलं. २०१९ च्या पावसानंतर नेरळहून गाडी निघाली ती थेट ऑक्टोबर २०२२ मध्ये.

माथेरानला टॅलिलिनसारखे स्वयंसेवक का नाहीत, असं मला अनेकदा विचारतात. आपली लाइन मध्य रेल्वेची आहे, तिथे बाहेरच्या माणसाला रुळाला हात लावता येत नाही, आणि घाटातल्या त्या वळणांवर ते योग्यच आहे. पण गँगमधल्या माणसांना काय माहीत आहे ते लिहून ठेवायला कुणाची हरकत नाही. कुठल्या वळणावर पाणी डोंगरातून उतरतं, कुठली मोरी कुठल्या साली बांधली, कुठे जमीन आतून पोकळ आहे. टॅलिलिनच्या मंडळींना जुन्या माणसांची साथ होती. आमच्याकडे ती माणसं निवृत्त होऊन नेरळ-कर्जतच्या घरांत बसली आहेत, आणि एकेक करून जात आहेत. माझे वडील गेले तेव्हा त्यांच्याबरोबर एकवीस किलोमीटरचा नकाशा गेला.

आणखी सव्वा किलोमीटर

पुढे टॅलिलिनचे स्वयंसेवक जुना रूळ सांभाळण्यावर थांबले नाहीत. अबरगनॉलविनच्या पुढे खाणीकडे जाणारा मार्ग पूर्वी फक्त दगडाच्या वाघिणींचा होता. तो त्यांनी प्रवासी गाडीच्या योग्यतेचा केला आणि २२ मे १९७६ रोजी नांत ग्वेर्नॉलपर्यंतची लाइन खुली झाली. एकूण लांबी पावणेबारा किलोमीटरच्या आसपास गेली.

तिथे संपूर्ण नवं स्टेशन बांधायचं होतं. दरीच्या कडेला जागा अगदी चिंचोळी. फलाट कुठल्या बाजूला घ्यायचा, हा प्रश्न मात्र कुणाला पडण्याचं कारण नव्हतं. रूळ गेजवर आला, ‘टॅलिलिन’ची चाकं सरकती झाली, गवत गेलं, पण अरुंद पूल अजून तिथेच होते, आणि १८६६ साली बंद केलेली दारं बंदच ठेवलेली होती. बाकीच्या सगळ्या स्टेशनांवर आहे, त्याच बाजूला त्यांनी फलाट बांधला.